दूधभाताचं पथ्य

“काय खाता तुम्ही लोक?”

डॉक्टरांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. पोराला काय होतं, कधीपासून होतं, झोपतो का, रडतो का, काहीच नाही. टेबलावरची लाकडी फूटपट्टी उचलली, तिच्या टोकानं माझ्या भावाचा सदरा वर केला आणि खुर्चीतून न उठता बघितलं. मान वर करायला लावली तीही फूटपट्टीनंच. मग ती कंपाउंडरकडे दिली. त्यानं ती औषधाच्या पाण्यात बुडवली, फडक्यानं पुसली आणि जागेवर ठेवली. आमच्यासमोर.

मी अकरा वर्षांची होते. मायचा पदर धरून उभी. माय मिलिंदला कडेवर घेऊन उभी. मिलिंद म्हणजे माझा धाकटा भाऊ, तेव्हा अडीच वर्षांचा. त्याला इसब होतं. कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांच्या मागं, मानेच्या घडीत. लाल, खरखरीत, खाजवलं की ओलं. खोलीत स्टूल होतं, पण आम्ही आत शिरलो तसं कंपाउंडरनं ते पायानं भिंतीकडे सरकवलं. दवाखाना नागपूरच्या महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत. दाराला नुसता पडदा, तोही अर्धा. बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघत होती, ऐकत होती.

मायनं खरं सांगितलं. तिला खोटं बोलताच येत नव्हतं.

“ज्वारीची भाकर, वरण. कधीमधी अंडं. कधीमधी बड्याचं मटण आणतो जी. मेलेलं नाही खात साहेब, दीक्षेपासून सोडलं ते.”

“सोडलं म्हणे!” डॉक्टर पडद्याकडे बघत, बाकावरच्यांना ऐकू जाईल असं बोलले. “पिढ्यान्‌पिढ्या रक्तात गेलेलं असं सोडून सुटतं का? तेच कातडीतून बाहेर पडतंय. दिसत नाही?”

बाहेर कुणीतरी हसलं. एका बाईनं पदर आवरून घेतला आणि बाकावर आणखी पलीकडे सरकली. आम्ही तिच्यापासून आठ हात लांब होतो.

“मांस बंद. मासे बंद. अंडी बंद. डाळसुद्धा उष्ण पडते, तीही नको. दूध द्या. नुसता दूधभात. दूध सात्त्विक असतं, त्यानं रक्त शुद्ध होतं. जमेल का तुम्हाला?”

“हाव जी,” माय म्हणाली. “जमवतो.”

चिठ्ठी कंपाउंडरनं उंबऱ्यावर ठेवली. मायनं वाकून उचलली. पोरगं कडेवर, चिठ्ठी हातात, तरी तिनं दोन्ही हात कसेबसे जोडले आणि त्या माणसाला नमस्कार केला. फूटपट्टीचा अपमान मी विसरेन एक वेळ. तो नमस्कार विसरता येत नाही.

तुम्ही म्हणाल, ऐकलं काहून त्याचं? वस्तीत शहाणी माणसं नव्हती? होती ना. पण आमची चूकच वेगळी होती. ती आमच्याच लोकांकडून व्हायची. शिकलेल्या माणसावर, दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती एवढा विश्वास ठेवायची.

दीक्षा घेऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. आमच्या घरातले देव्हारे गेले, अंगारे-धुपारे गेले, भगताकडे जाणं गेलं. मिलिंदला इसब झालं तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, “उतारा टाक वं, नजर लागली लेकराले.” मायनं तिला दारातून परत लावलं. “आमच्यात नाही चालत आता ते,” म्हणाली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. शिकायचं. आणि आपल्याला शिकता आलं नाही तर शिकलेल्याचं ऐकायचं. शिकलेला माणूस खोटं सांगत नाही. तो भगतासारखा फसवत नाही. तिनं भगत सोडला आणि डॉक्टर धरला. भगताला तिनं दोन प्रश्न तरी विचारले असते. डॉक्टरला एकही नाही.

माझा बा गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात होता. माय संत्रा बाजारात संत्री निवडायला जायची. संत्र्याच्या आंबट पाण्यानं तिची बोटं कायम चिरलेली. त्या दिवशी घरी आल्या आल्या तिनं मटण शिजवायचा गंज, घरातलं मोठं पातेलं, घासला, पालथा घातला आणि माळ्यावर टाकला. मडक्यात ठेवलेल्या चान्या, म्हणजे उन्हात वाळवलेले मटणाचे तुकडे, शेजारणीला देऊन टाकल्या. पथ्य पोराचं, पण घरच सारं दूधभातावर आलं. म्हणजे दूध पोराला आणि भात आम्हाला.

बा म्हणाला, “पोट्ट्याले मनाई आहे, मले कायले?”

“घरात वास जरी आला तरी त्याच्या आंगात जाईन,” माय म्हणाली.

वस्तीतल्या बायांनी तिची लय टर उडवली. नळावर हंडा भरताना कुणी म्हणायचं, “बाप्पा! बामणीण आली, सरका वं बाजूला!” माय हसून घ्यायची. बरं होईल ना लेकरू, मग बघा म्हणायची.

आमच्या घरात तोवर दूध कधी नव्हतंच. चहा कोरा. मिलिंदनं अंगावरचं दूध नुकतंच सोडलं होतं आणि भाकर कुस्करून वरणात खायचा. आता गवळ्याकडून रोज पावशेर, मग अर्धा शेर दूध सुरू झालं. त्यासाठी मायच्या पायातल्या तोरड्या गेल्या. बानं विडी सोडली. मला तेव्हा वाटायचं, मिलिंद म्हणजे घरातला राजा. सकाळी दूध, दुपारी दूधभात, संध्याकाळी दूधभात. मी वाटीला चिकटलेली साय बोटानं चाटायची तर माय हात झटकायची. “त्याचं औषध आहे ते!”

आणि इसब वाढलं. वाढलं म्हणजे किती सांगू? लवणीतून ते हातभर पसरलं. गालावर आलं, कानामागं आलं. कान फाटायचे आणि त्यातून पाणी यायचं. पोरगं खाजवून खाजवून रक्त काढायचं. मायनं जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून त्याच्या हातांना बांधल्या. मग तो भिंतीला पाठ घासायचा. आमच्या भिंतीवर त्याच्या उंचीला एक लालसर पट्टा उमटला होता. शाळा सकाळची, मग दिवसभर माझ्याकडे असायचा तो. शाळेतून आले की मी त्याला मांडीवर घ्यायची आणि फुंकर घालत बसायची. फुंकर घातली की खाज थांबते असं त्याला वाटायचं. मी थांबले की म्हणायचा, “ताई, फू.” एवढंच. “ताई, फू.”

पुन्हा महाल. पुन्हा फूटपट्टी.

“पथ्य पाळलं नाहीत,” डॉक्टर म्हणाले.

“पाळलं जी. आईची आण घेऊन सांगतो, घरात हाड आलं नाही.”

“तुम्ही लोक खोटं बोलता हे मला नवीन नाही. पाळलं असतं तर वाढलं कसं असतं? दूध वाढवा. आणि चोरून खाणं सोडा.”

चोरून! माझी माय! जिनं नळावर सगळ्या वस्तीची बोलणी खाल्ली त्या पथ्यापायी!  घरी येऊन तिनं बाला विचारलं, “तू त्याले चोरून काही देतं काय गा?” बा म्हणाला, नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्या दिवसापासून घरात संशय शिरला. डॉक्टरवर नाही. बावर.

पुढच्या संत्र्याच्या तोडणीला मामानं बोलावलं. मामा नरखेडकडच्या एका गावात बागेत राखणीला होता. त्याची बायको बाळंत झाली होती, म्हणून माय, मी आणि मिलिंद एसटीनं तिकडं गेलो. वीस-बावीस दिवस राहिलो. तिथं दूध नव्हतं. बागवानाच्या घरी म्हशी होत्या, पण राखणदाराच्या बहिणीला कोण रोज दूध देणार? मायचा जीव खालीवर. दोन दिवस नुसत्या भातावर ठेवला पोराला. तिसऱ्या दिवशी पोरगं भुकेनं रडायला लागलं, तसा मामा चिडला. “मारतं काय वं पोट्ट्याले?” म्हणाला, आणि स्वतःच्या ताटात बसवून वरण-भाकर चारली. दुसऱ्या दिवशी कोंबडीचं अंडं उकडून दिलं. माय रडली, भांडली, पण भावाच्या घरी होती.

आणि बघा काय झालं ते. आठव्या-नवव्या दिवशी गालाची लाली उतरली. पंधराव्या दिवशी कानामागचं सुकलं. खपल्या पडल्या. खाली कातडी निघाली गुलाबी, पातळ, पण कोरडी, चांगली. मायनं हाताच्या पिशव्या सोडल्या. मिलिंद संत्र्याच्या झाडाखाली माझ्यामागं पळाला. पहिल्यांदा पळताना बघितलं मी त्याला. पडला, उठला, हसला. नीट झोपला. मी त्याच्या कोपराच्या लवणीत बोट फिरवून बघायची आणि मला विश्वासच बसायचा नाही.

“हवा मानवली,” माय म्हणाली. “विहिरीचं पाणी मानवलं.”

नागपूरला परत आलो. गवळी दुसऱ्याच दिवशी दारात. मायनं भरपाई म्हणून वाटी मोठी केली. त्याच संध्याकाळी मिलिंद मान घासायला लागला. आठवडा झाला नाही तर सारं परत. पहिल्यापेक्षा जास्त.

मी पाचवीत होते. मला विज्ञान-बिज्ञान काही कळत नव्हतं. पण डोळे होते ना मला! दिवसभर पोरगं माझ्याच मांडीवर. तिथं अंडं खाल्लं, डाळ खाल्ली, तेव्हा बरा होता. तिथं एकच गोष्ट नव्हती. मी मायला सांगितलं. माय म्हणाली, “गप वं. दुधानं कोणाले काही होते काय? दूध तं अमृत.”

तिसऱ्यांदा महालात गेलो तेव्हा मायनं स्वतःहून अंड्याचं सांगून टाकलं. चोर कबुली देतो तसं, मान खाली घालून.

डॉक्टर टेबलावर हात मारून हसले. “बघा! आलं की नाही बाहेर? मी काय सांगत होतो!”

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, अंडं खाल्लं तेव्हा तो बरा होता. तिथं दूध नव्हतं. दूध सुरू झालं अन् पुन्हा झालं.”

 डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता विचारतील. किती दिवसांनी उठलं, आधी कुठं उठलं, विचारतील. मला सगळं पाठ होतं.

“कितवीत आहेस?”

“पाचवीत.”

“पाचवीत,” ते बाहेरच्या बाकाला म्हणाले. “ऐका हो, आता या आम्हाला शिकवणार. गोमांस औषध आणि दूध विष!”

बाक हसलं. सगळं बाक. आणि माझ्या गालावर चपराक बसली. डॉक्टरची नाही. मायची. “मोठ्या माणसाच्या तोंडाले लागतं?” म्हणाली. संत्र्यानं चिरलेला तिचा हात, मला तो अजून गालावर जाणवतो. आणि मग ती डॉक्टरांना म्हणाली, “लहान आहे जी ती, माफ करा.”

मी गप्प झाले. आजवर मी कुणाला हे सांगितलं नाही, आता सांगते. मी रुसून गप्प झाले. मला मारलं ना, मग मी नाही बोलणार. गवळी यायचा, मी भांडं पुढं करायची. मिलिंद दूध पाहून तोंड फिरवायचा, हातानं वाटी ढकलायचा, आणि मी त्याचं नाक धरून घोट पाजायची. कारण ते माझं काम होतं. लेकराला कळत होतं. अडीच-तीन वर्षांच्या पोराला कळत होतं, आणि मला कळूनही मी पाजत होते.

वर्ष होत आलं तसा तो सुकला. पोट पुढं, हातपाय काड्या. केस तांबूस झाले. एका रविवारी माय बाजारातून लवकर आली आणि तिला मिलिंद ओट्यावर दिसला, बाच्या शेजारी, मुठीत मटणाचा तुकडा धरून चोखत होता. बानं दोस्ताकडून वाटीभर रस्सा आणला होता. बा म्हणाला, “उलसाच दिला. पोरगं वाळून राहिलं वं. मले पाहवत नाही.”

मायनं तो तुकडा त्याच्या मुठीतून ओढला. मिलिंद किंचाळला. ती बाला काय काय बोलली ते लिहीत नाही. वस्ती गोळा झाली. बा मान खाली घालून बसला होता. त्याला वाटलं, खरंच आपण चुकलो.

त्यानंतर दहा-बारा दिवसांत इसब पिकलं. सगळ्या अंगावर पू. ताप. महालातल्या डॉक्टरांनी पडद्यातूनच सांगितलं, “मोठ्या दवाखान्यात न्या. माझं ऐकायचं नसेल तर इथं येऊ नका.” मोठ्या दवाखान्यात त्याला दोन दिवस ठेवलं. तिथल्या एका डॉक्टरनं विचारलं, “काय खायला देत होता याला?” माय म्हणाली, “दूधभात. नुसता दूधभात जी. वर्षभर.” तिला वाटलं, शाबासकी मिळेल. तो मिलिंदचे तांबूस केस बोटांत धरून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद गेला. मी त्याला फुंकर घालत होते. तो झोपला असं वाटून मी आणखी किती तरी वेळ फुंकर घालत राहिले.

मायनं बाला एकच वाक्य म्हटलं. “तूच मारलं माह्या लेकाले.”

बानं ‘नाही’ म्हटलं नाही. कधीच म्हटलं नाही. त्या दिवसापासून त्यानं मटणाला हात लावला नाही. लग्नाच्या पंगतीत लोक आग्रह करायचे तर उठून जायचा. माय त्याला वाढायची, पण तोंडाकडे बघायची नाही. भांडण झालं की तेच वाक्य. भांडण नसलं की त्याहून वाईट, कारण ती बोलायचीच नाही. असं अकरा वर्षं. मग त्याला गिरणीतला खोकला लागला. शेवटच्या दिवसांत मी त्याच्या उशाशी बसले होते, तर म्हणाला, “बाई, मी त्याले प्रेमानं देल्लं होतं वं. मले काय माहीत.” असं म्हणून रडला. आणि मी त्याला काहीच सांगू शकले नाही, कारण मलाही ठाम काही माहीत नव्हतं. होता तो नुसता पाचवीतल्या पोरीचा अंदाज, आणि त्या अंदाजावर चपराक बसलेली.

बा गेला तेव्हा मी नर्सिंग संपवून सरकारी दवाखान्यात लागले होते. दोन वर्षांनी माझी बदली कातडीच्या ओपीडीत झाली. तिथं एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. नव्या डॉक्टरांना शिकवताना त्या दर वेळी लेकराच्या आईला आधी बोलू द्यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, आणि मी ट्रे हातात धरून ऐकत उभी होते, “इसब जेवणातून येतं असं सरसकट म्हणू नका. बहुतेकांना जेवणानं काही फरक पडत नाही. काही लहान लेकरांना मात्र एखादी वस्तू बाधते. दूध बाधतं, अंडं बाधतं. ज्याचं त्याचं वेगळं. आईला विचारा, तिनं बघितलेलं असतं. संशय असेल ती एकच गोष्ट दोन-तीन आठवडे बंद करा, फरक बघा, मग थोडी देऊन पुन्हा बघा. आणि सगळं बंद करून लेकराला उपाशी मारू नका. वाढतं अंग आहे.”

मी मधेच ट्रे टेबलावर ठेवून दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सिस्टर, बरं वाटत नाही का?” मी म्हणाले, “बरं आहे मॅडम.” आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. दूध बंद केलं, बरा झाला. दूध दिलं, उठलं. अंडं खाऊन काही झालं नाही. जे करून बघा म्हणून त्या शिकवत होत्या, ते माझ्या मामानं रागाच्या भरात करून दाखवलं होतं. आणि मी ते वाचलं होतं. अकरा वर्षांची असताना, बिनपुस्तकाचं, बरोबर वाचलं होतं!

हे मायला सांगावं की नाही? पाच महिने मी घरात तोंड शिवून वावरले. सांगितलं तर बा सुटतो. मेल्यावर का होईना, सुटतो. पण मग ती वाटी कुणाच्या हातची होती? तोरड्या मोडून दूध कुणी आणलं? म्हाताऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे दुसऱ्यांदा लेकरू मारणं. न सांगणं म्हणजे बाला रोज पुरणं. इकडे आड, तिकडे विहीर.

एका सोमवारी ओपीडीत तोबा गर्दी होती. टेबलाशी नवीनच आलेला एक तरुण डॉक्टर. बोलायला गोड, मला ‘सिस्टर, प्लीज’ म्हणणारा. सावनेरकडची एक बाई आली. नवरा कोळशाच्या खाणीत. कडेवर वर्षाचं पोर, गाल लालबुंद, कान फाटलेले. डॉक्टरनं कार्डावरचं आडनाव वाचलं. मग पोराकडे बघितलं. असं, या क्रमानं.

“मटण वगैरे खाता ना?” त्यानं विचारलं.

“हाव जी,” ती म्हणाली. मग घाईघाईनं, “दूध पाजलं का जास्तच होते जी याले.”

त्यानं ऐकलंच नाही. मला म्हणाला, “लिहा सिस्टर. मांस, मासे, अंडी, डाळी बंद. दूधभात.”

पेन माझ्या हातात होतं. मी म्हणाले, “साहेब, ती काय म्हणाली ऐकलंत का? दुधानं वाढतं म्हणते.”

तो हसला. माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाला, “तुम्हाला कल्पना नाही सिस्टर, ही माणसं काय काय खातात.”

माझा पांढराशुभ्र युनिफॉर्म, माझी ओपीडीतली शुद्ध भाषा. त्याला वाटलं, मी त्याच्यातलीच.   माझी लाज तिथंच मेली.

“माहीत आहे साहेब,” मी मोठ्यानं म्हणाले. रांगेला ऐकू जाईल इतकं. “मी तेच खाऊन मोठी झाले. माझा भाऊ दूधभात खाऊन मेला.”

त्याचा चेहरा पडला. मग ताठ झाला. “जे सांगितलं ते लिहा.”

“नाही लिहीत.”

मी पेन टेबलावर ठेवलं. त्या बाईला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घेऊन गेले. त्यांनी तिला पंधरा मिनिटं बोलू दिलं. दूध बंद करून बघायचं ठरलं, बाकी सारं चालू. ते पोर पुढं बरं झालं की नाही मला माहीत नाही. ती बाई परत आली नाही. गोष्टीतल्यासारखं सगळं नीट होत नसतं.

संध्याकाळी घरी गेले. माय दारात बसून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. ट्रेपासून पेनापर्यंत. घरच्या बोलीत सांगितलं, सरळ सांगितलं, कुठं साखर लावली नाही.

तिनं मेथी बाजूला सारली. म्हणाली, “म्हणजे तुह्या बानं नाही मारलं.”

“नाही.”

“अन् मी त्याले अकरा वर्षं…”

 मग माझ्याकडे वळली. “तू तवाच सांगून राहिली होती वं. मी तुले मारलं. त्या हरामखोरासमोर मारलं मी तुले.”

“त्याचं काही नाही माय.”

“मंग कोणी मारलं वं त्याले? मीच ना? माह्याच हातानं ना?”

मी म्हणाले, तू नाही, त्या डॉक्टरनं मारलं. त्यानं तुझं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही, लेकराकडे बघितलं नाही. मी किती तरी वेळा म्हणाले. तिला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. ती बाच्या फोटोसमोर बसते आणि काहीतरी पुटपुटते. मी जवळ गेले की गप्प होते. दुःखावर औषध असतं असं लोक म्हणतात. आमच्या घरात मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. रुग्णांसमोर डॉक्टरांचा अवमान केला, आदेश पाळला नाही, लेखी माफी द्यावी, अन्यथा कारवाई. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “दोन ओळी खरडून टाक ना गं, नोकरीचा प्रश्न आहे.” प्रश्न होताच. घर माझ्या पगारावर होतं.

मी माफी लिहिली नाही. खाली जागा होती तिथं लिहिलं ते असं: मी इथून पुढं प्रत्येक आईला विचारणार, लेकरानं काय खाल्लं, काय खाल्ल्यावर उठलं, काय सोडल्यावर बसलं. ती सांगेल ते कार्डावर लिहिणार. आडनाव वाचून सांगितलेलं पथ्य मी कोणाच्याही कार्डावर लिहिणार नाही. बदली करा, निलंबित करा, घरी बसवा. लिहिणार नाही.

खाली सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.